भाषांचे आणि कायद्यांचे नकाशे सांभाळताना या चुका टाळा

विकिपीडियासाठी चित्रे आणि नकाशे साठवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सवर भारतातल्या भाषांचे आणि कायद्यांचे नकाशे आहेत. त्यांतले काही मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. नवा माणूस उत्साहाने येतो, पहिल्याच आठवड्यात तीन नकाशे 'अद्ययावत' करतो आणि त्याच जुन्या चुका पुन्हा करून जातो. कॉमन्सवरची एक फाइल मराठी, हिंदी, तमिळ अशा कितीतरी विकिपीडियांवरच्या लेखांत वापरलेली असते. तिथे एक जिल्हा चुकला की तो सगळीकडे चुकतो, आणि शाळेच्या प्रकल्पवहीतही तसाच चिकटतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बातमी वाचून रंग भरणे

कायद्यांच्या नकाशातली ही सगळ्यात मोठी चूक. 'विधानसभेत विधेयक मंजूर' अशी बातमी आली की तासाभरात राज्याचा रंग बदललेला असतो. विधेयक मंजूर होणे आणि कायदा लागू होणे यांत किती अंतर असू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने गोवंश हत्याबंदीचे विधेयक १९९५ मध्ये मंजूर केले आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. मधली वीस वर्षे विधेयक होते, कायदा नव्हता. पुढे २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगण्यावरची बंदी काढून टाकली. नुसते 'बंदी' लिहून एक रंग फासला तर यातले काहीच वाचकापर्यंत पोहोचत नाही. भारतीय न्याय संहितेचेही तसेच. संसदेची मंजुरी डिसेंबर २०२३ ची, अंमल १ जुलै २०२४ पासून. मधल्या सहा महिन्यांत मी तीन वेगवेगळ्या नकाशांत तिची कलमे लागू झालेली पाहिली आणि तिन्ही नकाशे मागे फिरवले.

माझ्याकडे यासाठी एक साधी वही आहे. प्रत्येक कायद्यापुढे चार रकाने: मंजुरी, संमती, राजपत्र, अंमल. चौथ्या रकान्यात तारीख पडल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. कोणी घाई केली तर मी राजपत्राची प्रत मागतो, वर्तमानपत्राचे कात्रण चालत नाही.

कायद्याच्या नावावर जाणे ही याचीच धाकटी बहीण. एका उत्साही मुलाने दारूबंदीच्या नकाशात अख्खा महाराष्ट्र बंदीच्या रंगात रंगवला होता. कारण काय, तर राज्यात 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' आहे! १९४९ चा मूळ मुंबई राज्याचा हा कायदा खरोखरच आजही लागू आहे, पण इथे त्याखाली परवाने दिले जातात आणि दुकाने चालतात. गुजरातेत त्याच मूळ कायद्याखाली बंदी आहे. महाराष्ट्रात प्रत्यक्ष बंदी आहे ती वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ मध्ये आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवायचे ठरवले आणि दुकाने उघडली जुलैत. म्हणजे हा नकाशा राज्यांच्या पातळीवर काढताच येत नाही, जिल्ह्यांच्या रेषा घ्याव्याच लागतात. त्या मुलाला मी हे समजावले तेव्हा तो म्हणाला, 'दादा, एवढं कोण बघतं?' वर्ध्याचा माणूस बघतो.

जुनी आकडेवारी नव्या जिल्ह्यांत ओतणे

आता भाषांच्या नकाशाकडे येतो. या चुकीने माझे दोन रविवार खाल्ले आहेत.

मातृभाषांची आपल्याकडची शेवटची पूर्ण आकडेवारी २०११ च्या जनगणनेची. तेव्हा महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. कोणीतरी ३६ जिल्ह्यांचा सुबक कोरा नकाशा उतरवून घेतला, त्यात २०११ चे आकडे भरायला घेतले, आणि पालघरचा आकडा सापडेना तेव्हा ठाण्याचीच टक्केवारी तिथे टाकली. नकाशा छान दिसत होता. आठ-नऊ महिने कोणी बोलले नाही. मग जव्हारकडच्या एका शिक्षकाने नकाशाच्या चर्चापानावर विचारले, 'आमच्या तालुक्यात घरोघर वारली बोलतात. कल्याण-डोंबिवलीचा रंग आम्हाला कसा?'

त्यांचे बरोबर होते. मी जनगणनेचा मातृभाषांचा तक्ता काढला. तो तालुक्यांपर्यंत जातो, हे बहुतेकांना माहीत नसते, कारण पहिले पान पाहून फाइल बंद केली जाते. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके एकीकडे काढले. उरलेले सात ठाण्यात ठेवले. प्रत्येक भाषेची बेरीज नव्याने केली आणि दोन्ही जिल्ह्यांची बेरीज जुन्या ठाण्याच्या एक कोटी दहा लाखांशी जुळते का ते पाहिले. पहिल्यांदा जुळली नाही, एक तालुका दोनदा आला होता. दुसऱ्या रविवारी जुळली.

पण तेवढ्यानेही काम संपले नाही. पालघरच्या सुमारे तीस लाखांतले तेरा लाखांहून जास्त लोक एकट्या वसई तालुक्यातले. जिल्ह्याची सरासरी काढली की वसई-विरार बोलते, जव्हार-मोखाडा गप्प होतात. शेवटी त्या जिल्ह्यापुरता तालुक्यांचा वेगळा नकाशा केला आणि मुख्य नकाशाखाली त्याचा दुवा दिला. त्या शिक्षकांनी तो पाहून 'आता ठीक' एवढेच लिहिले. मला ते पुरेसे होते.

तुमच्याकडे बेरजा करायला वेळ नसेल तर ३५ जिल्ह्यांचाच नकाशा वापरा आणि वर मोठ्या अक्षरांत '२०११' लिहा. जुना नकाशा जुना म्हणून दाखवण्यात लाज नाही. जुने आकडे नव्या सीमांत घालून तो आजचा म्हणून दाखवणे मला मुळीच मान्य नाही.

त्याच तक्त्यात आणखी एक खड्डा आहे. जनगणना मातृभाषांची नावे मोठ्या भाषांखाली गोळा करते. मालवणी कोंकणीखाली मोजली आहे, वारली भिली गटाखाली. अहिराणी मराठीखाली शोधू नका, ती 'खानदेशी' या स्वतंत्र नोंदीत आहे. पालघर-नाशिकच्या डोंगरांतल्या कोकणा लोकांची बोली भिली गटात येते, आणि केवळ नावातल्या साम्यामुळे तिला गोव्याच्या कोंकणीत ढकलणारे मी चार जण तरी पाहिले. भाषेचे नाव ओळखीचे वाटले की दोनदा तपासा. आणि तुम्ही गट मोजता आहात की मातृभाषा, हे सूचीत, म्हणजे नकाशातल्या रंगांचा अर्थ सांगणाऱ्या यादीत, लिहा.

बाकीच्या चुका थोडक्यात

नावावरून जोडणी करू नका. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. आकडे आणि नकाशा नावाने जोडले असतील तर हे तीन जिल्हे कोरे राहतात. जनगणनेचा जिल्हा क्रमांक वापरा.

एका क्लिकवर रंग भरून देणाऱ्या साधनांवर माझा विश्वास नाही. त्यांतल्या कितीतरी साच्यांत लडाख अजून जम्मू-काश्मीरमध्येच असतो, आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव २०२० मध्ये एक झाले हे त्यांना ठाऊक नसते. मी नकाशाची एसव्हीजी फाइल (यात चित्र मजकुराच्या रूपात साठवलेले असते) साध्या नोटपॅडमध्ये उघडतो आणि राज्य शोधून हाताने रंग बदलतो. वेळ लागतो, पण काय बदलले ते मला माहीत असते.

पुदुच्चेरी चार ठिकाणी विखुरलेली आहे, माहे आणि यानम रंगवायला विसरू नका. लक्षद्वीप सगळे मल्याळम नाही, मिनिकॉयवर महल बोलतात.

नवी आवृत्ती चढवल्यावर जुनेच चित्र दिसले तर तीच फाइल पाच वेळा चढवू नका. पान पर्ज करा, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत काढून टाका, आणि थोडे थांबा.

सूचीतल्या रंगाचा अर्थ परस्पर बदलू नका. प्रत्येक विकिपीडियावर त्या रंगांचे स्पष्टीकरण वेगळे लिहिलेले असते. नवा अर्थ असेल तर नवा रंग घ्या.

लोक काय बोलतात आणि सरकारची भाषा कोणती, हे दोन नकाशे आहेत. गोव्यावर दरवर्षी याच कारणाने भांडण होते. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा केली आणि मराठीचा सरकारी कामात वापर करण्याची तरतूदही केली. एक गट मराठी पुसतो, दुसरा दोन्हींना सारखाच रंग देतो, आणि कायदा कोणीच उघडत नाही. मी गोव्याला कोंकणीचा रंग देतो, त्यावर मराठीच्या तिरक्या रेघा ओढतो आणि सूचीत रेघांचा अर्थ 'सरकारी कामात वापर' असा लिहितो. मराठी माणूस म्हणून मला दोन्हींना एकच रंग आवडला असता, पण कायद्यात तसे नाही.

जुनी फाइल झाकून तिच्यावर नवी ठेवू नका. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या नकाशात भारताचा रंग तीनदा बदलला: जुलै २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवल्यावर, आणि पुन्हा ६ सप्टेंबर २०१८ रोजी. २०१५ साली देशात काय स्थिती होती हे दाखवायला एका लेखाला जुना नकाशा हवा होता, तेव्हा तो वेगळ्या नावाने कोणीच ठेवला नव्हता. फाइलच्या इतिहासातून खणून मी तो काढला आणि वर्षासकट नवीन नावाने जतन केला. तेव्हापासून कायदा बदलला की आधी जुना नकाशा वर्ष घालून बाजूला ठेवतो, आणि मगच नव्याला हात लावतो.