घर आणि समाज दोन्ही उभं करणाऱ्या माणसाचा जीवनपट कसा तयार करावा

‘ते प्रेमळ होते, मनमिळाऊ होते, कुणाच्याही मदतीला धावून जायचे.’ ही वाक्यं कुणाबद्दलही लिहिता येतात, म्हणून ती वाचून त्या माणसाचा चेहरा समोर येत नाही. ज्याने संसारही मनापासून केला आणि चार माणसं जोडून सार्वजनिक कामही उभं केलं, त्याच्या आठवणी जपायच्या तर आधी लिहायला बसू नका. आधी तक्ता करा.

एक मोठी वही आडवी धरा आणि पाच रकाने आखा: साल, वय, घर, सार्वजनिक काम, आणि ‘कशावरून’. जन्मापासून शेवटपर्यंत प्रत्येक सालाला एक ओळ. घराच्या रकान्यात शिक्षण, नोकरी किंवा धंदा, लग्न, मुलांचे जन्म, घर बदलणं, आजारपणं, कर्ज. शेजारच्या रकान्यात संस्थेची पहिली बैठक, वर्गणी, इमारत, पदं, वाद, राजीनामे. पाचवा रकाना लोक हमखास गाळतात आणि पुढे पस्तावतात. प्रत्येक नोंद कागदावरून आली की कुणाच्या सांगण्यावरून, हे तिथे लिहिलेलं असेल तर सहा महिन्यांनी दोन भावंडं दोन वेगवेगळी सालं सांगू लागली तरी घोळ होत नाही.

कागदांत शाळा सोडल्याचा दाखला, नेमणुकीची पत्रं, बँकेची जुनी पासबुकं, संस्थेच्या इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तकं, वार्षिक अहवाल आणि निमंत्रणपत्रिका शोधा. कागदही फसवतात. कोनशिलेवर समारंभाची तारीख असते. काम बरंच आधी सुरू झालेलं असतं. संस्थेची नोंदणी तर अनेकदा काही वर्षं काम चालल्यावर होते, म्हणून नोंदणीचं साल म्हणजे सुरुवातीचं साल धरू नका. दाखल्यावरची जन्मतारीख आणि घरच्यांना ठाऊक असलेली तारीख वेगळी निघाली तर दोन्ही लिहा, एक खोडू नका.

तक्ता भरत आला की तो आडवा वाचा. खरं चरित्र इथे सापडतं. दुसरं मूल झालं त्याच वर्षी त्यांनी चिटणीसपद घेतलं असेल, तर त्या संध्याकाळी घरी कोण होतं? बांधकामाला पैसे कमी पडले त्या वर्षी घरातला कुठला खर्च पुढे ढकलला गेला? उत्तरं बहुतेक वेळा पत्नीकडे किंवा थोरल्या मुलांकडे असतात. ती लिहिली गेली नाहीत तर एका माणसाच्या कामात पूर्ण घराने घातलेला वाटा पुसला जातो. रिकाम्या ओळींकडेही थांबून पाहा. सलग चार-पाच वर्षं सार्वजनिक कामाचा रकाना कोरा असेल तर तिथे आजारपण, बेकारी किंवा मतभेद असण्याची शक्यता मोठी.

मग मुलाखती. आठ ते दहा माणसं पुरतात: पत्नी, प्रत्येक मूल, एखादं भावंड, तरुणपणचा मित्र, नोकरीतला सहकारी, संस्थेचा खजिनदार, त्या कामाचा फायदा झालेलं कुणीतरी, आणि बैठकीत त्यांना विरोध करणारा एकजण. हा शेवटचा माणूस टाळू नका. ते कुठे हटून बसायचे आणि कुठे माघार घ्यायचे, हे तोच नेमकं सांगू शकतो. सुरुवात सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून करा.

एका वेळी एकाशीच बोला. तिघांना एकत्र बसवलं की सर्वांत बोलका माणूस बाकीच्यांची आठवणही ठरवून टाकतो. तास-सव्वा तासाच्या पुढे जाऊ नका, वयस्कर माणूस दमतो. फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर तो विमान मोडवर ठेवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा, पंखा बंद करा, अर्धा मिनिट मुद्रण करून ऐकून बघा. सुरुवातीलाच तारीख, दोघांची नावं आणि परवानगी मुद्रणात बोलून घ्या.

‘कोणत्या साली?’ असं विचारू नका. माणसं साल विसरतात, स्वतःच्या आयुष्यातल्या खुणा विसरत नाहीत. ‘तेव्हा थोरली कितवीत होती?’ असं विचारा आणि साल तुम्ही काढा. ‘ते कसे होते?’ या प्रश्नाला विशेषणंच मिळतात. त्याऐवजी ‘कामावरून घरी आल्यावर पहिलं काय करायचे?’, ‘वर्गणी मागायला गेल्यावर कोण नाही म्हणालं आणि मग त्यांनी काय केलं?’, ‘शेवटचं कधी रागावले होते?’ असे प्रश्न विचारा. जुना फोटो किंवा त्यांच्या हातातली वस्तू समोर ठेवली की बोलणं आपोआप सुटतं. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात दहापर्यंत मोजा; महत्त्वाचं वाक्य कितीदा तरी त्या शांततेनंतर येतं.

एका तासाचं मुद्रण शब्दशः उतरवायला सरावाच्या माणसालाही चार ते सहा तास लागतात. म्हणून आधी ऐकताना फक्त वेळ आणि विषय टिपा, आणि हवे तेवढेच तुकडे उतरवा. मूळ फाइल मात्र न कापता ठेवा.

फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. ४×६ इंचांच्या फोटोची २४००×३६०० पिक्सेलची प्रत मिळते आणि ती दुप्पट मोठी छापली तरी फुटत नाही. चॅटवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रती आकुंचन पावतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या खालून हळूहळू सरकवा. अडलाच तर अख्खं पान तसंच स्कॅन करा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनेच आणि हलक्या हाताने लिहा, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. चेहरे ओळखायचं काम पहिल्या आठवड्यात उरका.

लिहिताना जन्मापासून सुरुवात करण्याची सक्ती नाही. एखाद्या साध्या संध्याकाळपासून सुरुवात केली तर घर आणि काम एकाच चौकटीत येतात. प्रत्येक विशेषण खोडा आणि ते ज्या कृतीवरून सुचलं ती कृती लिहा. ‘हिशेबात चोख होते’ यापेक्षा ‘प्रत्येक सभेत पावत्यांची फाइल दारातच ठेवायचे, ज्याला हवी त्याने चाळावी’ हे कितीतरी बोलकं आहे. ‘त्यांनी शाळा उभारली’ असं वाक्य आलं की थांबा. जागा कुणी दिली, वर्गणी कुणी फिरून गोळा केली, हे लिहा. सहकाऱ्यांची नावं गळली तर मन दुखतं, शिवाय ज्याने माणसं जोडण्यातच आयुष्य घातलं त्याचं कामही अर्धवट सांगितलं जातं. हयात माणसांचे वाद, कर्ज, आजार त्यांच्या संमतीशिवाय छापू नका.

सभेत वाचायचं असेल तर मिनिटाला साधारण ११० शब्द धरा. सहा मिनिटं मिळाली असतील तर ६०० शब्दच लिहा, कारण मध्ये आवाज भरून येणार. १६ पॉइंटच्या टायपात, ओळींत दुप्पट अंतर ठेवून, पानांवर क्रमांक घालून छापा, आणि एक प्रत दुसऱ्याच्या हातात द्या.

पुस्तिका करायची तर ए५ आकार सोयीचा. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, कारण दुमडलेल्या एका कागदाची चार पानं होतात. १६ किंवा २४ ठरवून मगच मजकूर कापा. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला वर, खाली आणि बाहेरच्या बाजूला अशा तिन्ही कडांना ३ मिलिमीटर जास्तीचा भाग सोडा. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा आणि पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करा, नाहीतर छापखान्यात जोडाक्षरं आणि रफार तुटतात. पहिली छापील प्रत तिघांनी तपासावी: घरातलं एक, संस्थेतलं एक, आणि त्यांना कधीच न भेटलेलं एक. नावं मोठ्याने वाचून पडताळा. हयात नातेवाइकांच्या पूर्ण जन्मतारखा, पत्ते, फोन नंबर छापू नका.

सगळ्या फाइलींच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात. तक्त्याची वही झेरॉक्स करून संस्थेच्या कपाटात इतिवृत्तांशेजारी ठेवायला द्या. चुकलेलं साल दुरुस्त करणारं कुणीतरी तिथे भेटण्याची शक्यता जास्त.