स्पार्क येत नाहीये? पार्ट आणायच्या आधीची तयारी

जुनी गाडी, सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन एकदाही पकडत नाही, प्लग काढून बॉडीला टेकवून बघितला तर स्पार्कचा पत्ता नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी नवी कॉइल (बॅटरीच्या व्होल्टेजमधून स्पार्कचं मोठं व्होल्टेज बनवणारी) आणतात, मग कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा), मग पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), आणि एवढं करून गाडी जागची हलत नाही ती नाहीच. म्हणून पार्ट राहू दे, आधी टेस्टिंगचं सामान जमवा. आणि हो, हे सगळं पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरबद्दल (स्पार्क एकेका प्लगला वाटणारा भाग) आहे, आधीच्या मालकाने आत इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर पॉइंटच्या टेस्ट तिथे चालणार नाहीत, त्यामुळे कॅप उघडून आत नक्की काय आहे ते पहिलं बघा.

सामानात सगळ्यात वर टेस्ट लॅम्प. गाडीच्या व्होल्टेजचा साधा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकाला क्लिपा, संपलं. मल्टिमीटर पण लागतोच, पण तो करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे सडलेल्या कनेक्शनमधूनही खुशाल १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो, बल्ब मात्र तिथे मिणमिणतो आणि लगेच कळतं. बाकी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पॉइंट घासायला बारीक फाइल किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, कोरडं फडकं, प्लग पाना, टोकाला मॅग्नेट असलेला छोटा स्क्रू ड्रायव्हर (पॉइंटचा स्क्रू डिस्ट्रिब्युटरमध्ये पडला की अर्धा दिवस गेला समजा), खात्रीचा एक जादा प्लग, क्लिपवाली लांब जम्पर वायर, चांगलं इन्सुलेशन असलेली पकड आणि प्लग वायरींना नंबर लावायला चिकटपट्टी. जुना पण चालू स्थितीतला कंडेन्सर जपून ठेवला असेल तर तोही काढा, नवीन डब्यातला चांगलाच असेल असं धरून चालू नका.

मॅन्युअलमधल्या आकड्यांचा फोटो मोबाईलमध्ये हवा. पॉइंट गॅप बऱ्याच गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिमी असतो पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हे, आणि चार सिलिंडरचं फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असतं तसं १-२-४-३ पण असतं. कॉइल बॅलास्टवाली (वाटेत वेगळा रेझिस्टर असलेली) की साधी तेही बघून ठेवा, साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचं प्रायमरी साधारण ३ ओहम येतं, बॅलास्टवालीचं साधारण दीड. अजून एक, बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं, तसं असेल तर पुढे मी कॉइलचं प्लस-मायनस म्हणतोय ते उलटं धरा.

सेल्फ मारायला एक माणूस हवा, आणि तो तुम्ही सांगितल्याशिवाय चावीला हात न लावणारा हवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला, शर्टाच्या बाह्या फॅनपासून लांब, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. पेट्रोलचा वास येत असेल तर गळती थांबवून वास जाईपर्यंत स्पार्कची टेस्ट करायचीच नाही. ज्याला पेसमेकर आहे त्याने यात पडूच नये.

आता क्रम. बॅटरी आधी, बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, त्याहून बरीच कमी असेल किंवा सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बाकीचं नंतर, आधी चार्जिंग आणि टर्मिनल साफ. मग टेस्ट लॅम्पची एक क्लिप कॉइलच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला, आणि सेल्फ. अर्धं निदान इथेच होतं. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत, लो टेन्शनची (म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजची) बाजू बहुतेक ठीक. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंटमधून अर्थ (बॉडीशी जोड) मिळत नाहीये, म्हणजे पॉइंट काळे पडलेत, नवीन असतील तर त्यांच्यावर तेलाचा थर राहिलाय, किंवा आतली बेसप्लेटची बारीक अर्थ वायर तुटलीय, ती वरून धडधाकट दिसते आणि आत तार तुटलेली असते, म्हणून हलवून बघायची. बल्ब अजिबात पेटलाच नाही तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलवरून काढा आणि इग्निशन चालू करा, आता पेटला तर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला शॉर्ट आहे, पॉइंट उघडतच नाहीयेत, कंडेन्सर तरी गेलाय नाहीतर पॉइंटच्या बोल्टवरचे वॉशर चुकीच्या क्रमाने बसलेत (स्प्रिंग आणि वायर एकमेकांना चिकटायला हवेत पण बोल्टला नाही). तरीही नाही पेटला तर कॉइलच्या प्लसला करंट येतोय का ते बघा, येत नसेल तर जम्पर वायरने बॅटरीवरून थेट द्या, स्पार्क आला की दोष चावी किंवा वायरिंगचा. पॉइंट बंद असताना इग्निशन उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

बल्ब लुकलुकतोय तर कॉइलची मधली वायर कॅपमधून काढून पकडीने इंजिन ब्लॉकपासून ५-६ मिमीवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. इथेच स्पार्क नसेल तर कंडेन्सर बदलून बघा, मग कॉइल. जाड निळा स्पार्क असेल तर दोष पुढे आहे, कॅप, रोटर (कॅपखाली शाफ्टवर फिरणारा तुकडा), वायरी. कॅपच्या मधला कार्बन जागेवर आहे का, आत काळ्या केसासारख्या रेषा आहेत का ते टॉर्च लावून बघा. रोटरची टेस्ट फार कमी लोक करतात: तीच वायर रोटरच्या पितळी पट्टीच्या जरा वर धरायची आणि इग्निशन चालू ठेवून दुसऱ्या हाताने लाकडी काडीने बंद असलेले पॉइंट उघडायचे, स्पार्क पट्टीवर उडाला म्हणजे रोटर आतून शाफ्टला लीक होतोय, फेकून द्या.

गाडी स्टार्ट झाली की जम्पर वायर आधी काढा, ती लागलेली असेल तर चावी बंद करूनही इंजिन बंद होणार नाही.