सायनोटाइप धुताना चिमूटभर लिंबूसत्त्व

उन्हातून काढलेला सायनोटाइप, म्हणजे केमिकल लावलेल्या कागदावर उन्हाने उमटवलेला निळा प्रिंट, पाण्यात घातला की निळा रंग फिका पडतो? केमिकलला नावं ठेवण्याआधी नळाचं पाणी बघा. जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेल्या या पद्धतीतला प्रशियन निळा अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही, आणि बोअरचं पाणी बरेचदा तसंच असतं. पहिल्या धुण्यात लिटरभर पाण्याला चिमूटभर लिंबूसत्त्व घाला. मग साध्या पाण्यात, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा.

उन्हाची मात्र कंजुषी नको. गडद भाग राखाडी, जरा तांबूस झाक मारेपर्यंत कागद उचलू नका. माझे पहिले चार प्रिंट घाईपायी मोरीत वाहून गेले. वाळल्यावर निळा दिसेल तो अंतिम समजू नका, दिवसभरात तो आणखी गडद होतो.