उरलेली लोकर, टकळीचं सूत आणि हातासरशी होणारं विणकाम

दुकानात लोकर म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं लोकर नसतंच. ते अ‍ॅक्रिलिक असतं. म्हणजे कृत्रिम धागा. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला तो माझ्या सुनेच्या तळहाताला फोड आला तेव्हा. उरलेल्या मरून लोकरीतून मी तिला गरम भांडं धरायचा एक सुंदर चौकोन विणून दिला होता. हिवाळ्याची सकाळ, कळण्याच्या भाकरी चाललेल्या, तवा लाल झालेला. तिने त्या चौकोनाने तवा धरला आणि विणलेलं क्षणात वितळून तव्याला चिकटलं, थोडं तिच्या हाताला. दोष धाग्याचा नव्हता. मी चुकीच्या धाग्याची चुकीची वस्तू केली होती. तेव्हापासून मी आधी धागा ओळखते आणि मग काय करायचं ते ठरवते. जी कुणी शिकायला येते तिलाही पहिल्या दिवशी सुया देत नाही, काडेपेटी देते.

तर उरलेल्या गुंड्यांची पेटी उघडा आणि प्रत्येकीचा बोटभर तुकडा कापा. स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घ्या, तुकडा चिमट्यात धरा, ताटलीवरच पेटवा. मुलांना लांब ठेवा. सूत असेल तर झटकन पेटेल, जळक्या कागदाचा वास येईल आणि मऊ करडी राख राहील. खरी लोकर पेटायला कुरकुर करते, ज्योत काढली की आपोआप विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरगाळला तर त्याचा भुगा होतो. अ‍ॅक्रिलिक भराभर जळतं, वितळून थेंब पडतो आणि गार झाल्यावर तो मण्यासारखा टणक होतो. हाताला चुरत नाही. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. त्याला मी अ‍ॅक्रिलिकच समजते.

मग सूत, लोकर आणि कृत्रिम धागा अशा तीन पिशव्या करा. माझे वडील अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते, ते नुसता पीळ उलगडून सूत ओळखायचे. आपल्याला तेवढं नाही जमलं तरी तीन पिशव्या जमतातच. एका वस्तूत सूत आणि लोकर एकत्र घालू नका. धुतल्यावर लोकर आखडते, सूत वेगळं वागतं आणि मधली ओळ सुरकुतते.

यानंतर लोक रंग जुळवायला बसतात. मी जाडी जुळवते. रंग न जुळलेली वस्तू गोड दिसू शकते, जाडी न जुळलेली वस्तू वेडीवाकडीच होते. मोजायचं सोपं आहे. मुलांच्या पट्टीवर एक इंच जागेत धागा शेजारी शेजारी गुंडाळा, न ताणता, न चेपता. किती वेढे बसले ते कागदावर लिहून गुंडीला टाचा. चौदा वेढ्यांचा धागा तेरा-पंधरावाल्यासोबत चालतो, नऊवाल्यासोबत नाही. बारीक धाग्याचे दोन पदर एकत्र धरून जाडाशी जुळवता येतात, पण दोन पदर म्हणजे दुप्पट जाडी असं समजू नका. जाडी दीडपटीच्या थोडी आतच राहते. पुन्हा पट्टीवर गुंडाळून बघा.

सुयांचं एक सांगून टाकते, कारण मोबाईलवर बघून विणणाऱ्या मुलींचा इथेच गोंधळ होतो. आपल्या दुकानातल्या सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. व्हिडिओत ४ मिलिमीटर सांगितलं असेल तर दुकानात ८ मागा.

आता सुताकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे.

आम्ही कपाशीच्या मुलखातले. दिवाळीच्या आगेमागे वेचणी लागली की घराघरांत पांढऱ्या ढिगांवर पोरं लोळतात, आणि तरी आपल्या स्वयंपाकघरात हातचं सूत औषधालाही नसतं. माझ्याकडे आजीची पितळी टकळी आहे, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायची छोटी चाती. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, तेव्हा आजी दहा वर्षांची होती आणि बापाचं बोट धरून गेली होती. टकळी तिथून आली की नंतर, हे ती दर वेळी वेगळं सांगायची. पण सुताचा तुकडा टाकू मात्र कधी द्यायची नाही. ‘फेकू नको व, कामले येई,’ म्हणायची आणि उचलून डब्यात घालायची.

टकळीवरचं एकपदरी सूत तसंच विणायला घेऊ नका. ते बारीक असतं आणि त्यात सगळा पीळ एकाच बाजूचा असतो. त्याचा चौकोन विणला की चौकोन एका अंगाला कलतो, कितीही इस्त्री करा. त्याला उपाय म्हणजे पदर एकत्र करून उलटा पीळ देणं. माझं सूत जाडसर निघतं, मला सहा पदर पुरतात. बारीक कातणारीला आठ-दहा लागतील. सगळे पदर सारख्या ताणाने एका गुंडीत गुंडाळून घ्या. कातताना टकळी उजवीकडे फिरवली असेल तर आता डावीकडे फिरवा. टकळीचं टोक वाटीत टेकवलं की ती घसरत नाही. हातभर पीळ झाला की थांबा, धाग्याचा मधला भाग सैल सोडून खाली लोंबू द्या. लोंबणारा फास सरळ राहिला तर पीळ बरोबर. स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला तर तो कुठल्या बाजूला वळतोय ते बघा. नव्या पिळाच्याच उलट दिशेने उलगडत असेल तर पीळ जास्त झाला, आणखी आवळत असेल तर अजून द्यायचा बाकी आहे. दोन-तीन वेळा केलं की बोटांनाच समजतं.

मग लडी करा. खुर्चीच्या पाठीला गुंडाळली तरी चालेल. चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा, आवळून बांधली तर तिथे पाणी शिरत नाही. नवं सूत पाण्यात टाकलं की तरंगतं, ओलं व्हायलाच तयार नसतं, कारण कापसावर नैसर्गिक मेण असतं. पातेल्यात बुडेल एवढं पाणी, त्यात चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा, आणि पाऊण तास उकळा. पाणी चहासारखं तपकिरी होतं. पहिल्यांदा बघणारी घाबरते, रंग गेला म्हणते. तो रंग नाही, मेण आणि मळ आहे. स्वच्छ पाण्यात खळबळा, टॉवेलमध्ये दाबा, सावलीत टांगा. आता सूत पाणी पिऊ लागलं, पीळ बसला आणि आखडायचं तेवढं आखडूनही झालं.

या सुताची पहिली वस्तू भांडं धरायचा चौकोनच करा. भरीत करताना कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली की गरम पातेली, झाकणं इकडून तिकडे करायला दहा हात लागतात, तेव्हा असे चार चौकोन असले तरी कमी पडतात. हा कोपऱ्यापासून विणायचा आहे. त्यामुळे तुमच्याकडे धागा किती उरलाय याची चिंता राहत नाही. फक्त स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ ठेवा.

तयार सुताचे दोन पदर एकत्र धरा, ७ नंबरची सुई घ्या, सुरुवातीलाच गुंडी तोला. वीतभर चौकोनाला माझं पन्नास-साठ ग्रॅम सूत जातं.

४ टाके घाला. एक ओळ सुलट विणा.
पुढच्या प्रत्येक ओळीत: २ टाके सुलट, धागा पुढे घेऊन एक जाळी (सुईवर धाग्याचा नुसता जादा वेढा), उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो.
गुंडीचं वजन निम्म्यावर यायला एक-दोन ग्रॅम बाकी असताना वाढवणं थांबवा.
आता प्रत्येक ओळीत: १ सुलट, २ टाके एकत्र, धागा पुढे, २ टाके एकत्र, उरलेले सुलट. दर ओळीला एक टाका कमी होतो.
४ टाके उरले की बंद करा.

दोन्ही बाजूंनी सुलटच असल्याने विणलेलं जाड, फुगीर होतं आणि कलत नाही. कडेने जाळीची नाजूक ओळ आपोआप पडते. जाळीतून वाफ लागते म्हणून मी असे दोन चौकोन विणून एकमेकांवर शिवते. एका कोपऱ्यात खिळ्याला अडकवायला फास ठेवा. आणि वापरताना तो कोरडा हवा. ओल्या फडक्यातून उष्णता सरळ हाताला लागते. हीच कृती दोन ऐवजी एका पदराने केली की अंघोळीचं हातफडकं होतं, साबण छान फेसाळतो.

मेंढीच्या लोकरीचं थोडक्यात सांगते. आमच्याकडे ठेलारी धनगर मेंढ्या घेऊन फिरतात, शेतात मेंढ्या बसवतात. एका वर्षी आमच्या शेतात त्यांचा वाडा, म्हणजे मुक्काम, बसला होता, तेव्हा मी तिथल्या एका बाईंकडून कातरलेली काळी लोकर विकत मागितली. पिशवी भरता भरता त्या म्हणाल्या, ‘ताई, ही घोंगडीची लोकर, गळ्यात नका घालू.’ खरं आहे. ती राठ असते, केसाळ असते. तिचं मफलर करायचा हट्ट मी दोनदा केला, दोन्ही पेटीत पडून आहेत. पण गरम पातेल्याखाली ठेवायची चकती किंवा देवघरातलं बसायचं आसन यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही, कारण ती वितळत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवा, चोळू नका, आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नका, नाहीतर तिचा नमदा होतो, म्हणजे सगळी आखडून घट्ट एकजीव होते. एकपदरी कातली असेल तर दोन्ही बाजूंनी सुलटच विणा.

मग अ‍ॅक्रिलिकचं काय करायचं? त्याचा मान बाळाच्या टोपऱ्याला. मऊ असतं, रोज धुतलं तरी बिघडत नाही. चुलीजवळ मात्र नको. चौदा वेढ्यांच्या आसपासचे, न टोचणारे दोन-तीन रंग घ्या, मिळून तीस-पस्तीस ग्रॅम पुरतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर असतं, टोपरं त्याहून तीनेक सेंटिमीटर कमी हवं म्हणजे घट्ट न होता बसतं. १० नंबरच्या सुईवर नमुना विणून बघा. १० सेंटिमीटरमध्ये २६ टाके येत असतील तर पुढचा हिशेब तुमचा.

८२ टाके घाला. २ सुलट, २ उलट अशी तीन सेंटिमीटर पट्टी विणा. मग एक ओळ सुलट, एक उलट, हवे तिथे रंग बदलत, सुरुवातीपासून १० सेंटिमीटर उंची होईपर्यंत. आता सुलट ओळीला १ सुलट, मग (८ सुलट, २ एकत्र) असं आठ वेळा, शेवटी १ सुलट. ७४ टाके उरतील. मधली प्रत्येक ओळ उलट. पुढच्या सुलट ओळीला कंसात ७, मग ६, असं उतरत जा. १० टाके उरले की धागा हातभर ठेवून कापा, टाक्यांतून ओवून आवळा आणि त्याच धाग्याने पाठीमागची शिवण घाला. बाळाच्या वस्तूत मणी, बटणं, लांब गोंडे नकोत. हातमोज्यांच्या आत धागे सुटे ठेवू नका, बोटाला वेढा बसतो.

उरलेल्या धाग्यांचं काम म्हटलं की टोकांचा जाच आलाच. खऱ्या लोकरीची दोन टोकं पिंजून, ओली करून, तळव्यांत जोरात चोळली की गाठ न मारता एकजीव होतात. सूत आणि अ‍ॅक्रिलिक तसं जुळत नाही. तिथे जुना आणि नवा धागा चार-पाच बोटं एकत्र धरून विणा आणि टोक पुढच्या टाक्यांमागून नेत जा. शेवटी सगळी टोकं ओवायला ठेवली तर ती वस्तू सहा महिने टोपलीतच राहते, हे मी पाहिलंय. गाठी मारू नका, हाताला आणि बाळाच्या कपाळाला टोचतात.

आमच्या उन्हाळ्यात हाताला लोकर सहन होत नाही, घामाने चिकटते. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की आम्ही सूत काढतो, लोकर कार्तिकात. मधल्या काळात लोकरीची पिशवी दोन तास कडक उन्हात ठेवून, झटकून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून बंद करते. कसर बंद अंधारात वाढते, म्हणून पावसाळा संपला की पुन्हा एकदा ऊन.

विणता येणार नाहीत असे बोटभर तुकडे वेगळ्या डब्यात जातात. ते चिमण्यांसाठी बाहेर टांगू नका, पिलांच्या पायांत अडकतात. त्यांची सुयांची गादी भरा, आणि मधोमध मूठभर न धुतलेली मेंढीची लोकर घाला. तिच्यात तेलकटपणा असतो, सुयांना गंज लागत नाही. आजीच्या गादीतल्या सुया मी अजून वापरते.