टेराफॉर्ममधलं कॅपिटल-स्मॉल: अझूर शिकणाऱ्या गावाकडच्या पोरांसाठी

टेराफॉर्म म्हणजे कोड लिहून क्लाउडवर (इथं मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर) मशीन, नेटवर्क वगैरे उभं करायचं साधन. त्यातलं इनिट (तयारी), प्लॅन (काय बदलेल ते दाखवणं), अप्लाय (बदल प्रत्यक्ष करणं) तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला ज्यानं छळलं ते व्हिडिओत सापडत नाही, म्हणून तेवढंच सविस्तर सांगतो.

अझूर बहुतेक नावांत कॅपिटल-स्मॉल पाहत नाही. रिसोर्स ग्रुपच्या (मशीन, नेटवर्क असे 'रिसोर्स' एकत्र ठेवायच्या गटाच्या) नावातलं पहिलं अक्षर मोठं असो की लहान, त्याच्या लेखी ग्रुप एकच. टेराफॉर्म मात्र अक्षर न् अक्षर जुळवतं. सातबाऱ्यावर 'रामराव' अन् आधारवर 'रामरावजी' असलं तरी तलाठी माणूस ओळखतो, ऑनलाइन अर्ज मात्र परत येतो, तसंच हे. टेराफॉर्म तर त्याहून पुढचं, जुनं पाडून नवं बांधायला निघतं.

नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्याचा कोड गळ्यात पडला. आयडी सगळे हाताने टाइप केलेले. एका सबनेटच्या (नेटवर्कच्या तुकड्याच्या) आयडीत 'रिसोर्सग्रुप्स'मधला 'जी' कोडमध्ये लहान, अझूरकडून आलेल्या उत्तरात मोठा. प्लॅनमध्ये चालू मशीनसमोर वजा-अधिकची खूण, बाजूला 'फोर्सेस रिप्लेसमेंट', म्हणजे पाडून नवं बांधणार. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून पाहिल्या तरी फरक दिसेना. मराठी माध्यमातल्या पोराची नजर तिकडे जातही नाही, बाराखडीत कुठं आलंय कॅपिटल!

घाबरू नका. प्लॅन काही पाडत नाही, पाडतो तो अप्लाय. पण ऑटो-अप्रूव्हची (न विचारता अप्लाय होऊ देण्याची) सवय लावून घेतली असेल तर आजच मोडा.

आता उपाय. आयडी टाइप करू नका, रिसोर्सचाच संदर्भ द्या. नवीन प्रकल्पात नावं लोकल्समध्ये (कोडमध्ये एकदा लिहून सगळीकडे वापरायच्या किमतींत) एकाच जागी, सगळं स्मॉल करणाऱ्या 'लोअर' फंक्शनमधून काढा. स्टोरेज अकाउंटचं नाव तसंही 3 ते 24 अक्षरांचं, फक्त स्मॉल अक्षरं अन् आकडे, तिथं अझूरच पर्याय ठेवत नाही. मात्र चालू असलेल्या जुन्या रिसोर्सला 'लोअर' लावायला जाऊ नका! स्टेटमध्ये (टेराफॉर्मच्या नोंदवहीत) कॅपिटल असेल अन् तुम्ही कोड स्मॉल केला, तर तेच पाडापाडीचं कारण होतं. आधी स्टेट-शो कमांडमध्ये नाव कसं आहे ते पाहा, कोड त्याला जुळवा. महत्त्वाच्या रिसोर्सला प्रिव्हेंट-डिस्ट्रॉय (पाडू न देणारी सेटिंग) लावा.

यादीतल्या प्रत्येक नावासाठी एक वस्तू बनवणाऱ्या फॉर-ईचमध्येही हेच. 'लॉग' ही की (यादीतलं नाव) एकदा कॅपिटल, एकदा स्मॉल आली की टेराफॉर्मसाठी त्या दोन वस्तू. अझूरमध्ये एकच बनते, अन् दुसरीला 'आधीच अस्तित्वात आहे, इम्पोर्ट करा' असा एरर येतो. इम्पोर्ट (अझूरमधली वस्तू स्टेटमध्ये आणणं) करू नका, डुप्लिकेट की काढा.

क्लासवाले यावर इग्नोर-चेंजेस (ठरावीक बदलांकडे दुर्लक्ष करायची सेटिंग) लावायला शिकवतात. माझं मत विचाराल तर ती मलमपट्टी आहे. उद्या खरा बदल आला तरी प्लॅन गप्पच बसेल. तयार टेम्पलेट वाटणाऱ्या सरापेक्षा, तुमचा प्लॅन तुमच्याकडून मोठ्यानं वाचून घेणारा सिनियर शोधा, मग तो कितीही खेकसो.

गावाकडून काम करणाऱ्यांसाठी एक. अप्लाय चालू असताना लाइन किंवा नेट गेलं तर स्टेटवर लॉक (एका वेळी एकानंच बदल करावा म्हणून लागलेलं कुलूप) राहू शकतो. दुसरं कोणी अप्लाय करत नाही ना, हे फोन करून विचारा, मगच फोर्स-अनलॉकनं ते काढा.

अन् लॅपटॉप विंडोजचा असेल तर मॉड्यूलच्या (पुन्हा वापरायच्या कोडच्या फोल्डरच्या) पाथमध्ये फोल्डरचं नाव कसंही लिहिलं तरी चालतं, पाइपलाइन (कोड आपोआप चालवणारी यंत्रणा) लिनक्सवर गेली की 'फोल्डर सापडत नाही'. फोल्डरच्या नावात नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलेलं विंडोजवर गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) लक्षात येईलच असं नाही. आधी भलतंच नाव देऊन कमिट करा, मग हवं ते द्या.