इफ्फीत भुतं बघायला निघण्याआधी

पहिलं काम सुगीचं. इफ्फी, म्हणजे पणजीत भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, दरवर्षी २० नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडं भाताची कापणी-मळणी चालू असते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या मंडळींनी घरात आधीच बोलून ठेवावं. मळणीच्या दिवशी "सिनेमा बघायला पणजीला चाललोय" म्हणालात, तर भयपट घरीच बघायला मिळेल.

प्रतिनिधी म्हणून नोंदणी ऑनलाइन होते, ती सुरू झाली की लगेच उरकून टाका. ओळखपत्र पाकिटात हवंच. भाचा कितीही "मामा, मलापण ने की" म्हणून मागं लागला, तरी अठराच्या आतलं पोर न्यायचं नाही. महोत्सवातल्या सिनेमांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट असते, त्यामुळं एरवी कात्री लागते तेही इथं अख्खं दिसतं.

मग वेळापत्रक. पेन्सिल घेऊन बसावं असं हेच एक काम. २०२२ साली 'मकाब्र ड्रीम्स' नावानं भयपटांचा वेगळा विभागच होता, पण तेवढ्यावर थांबू नका. चांगली भुतं इतर विभागांतही लपलेली असतात. नावावर न जाता देश, लांबी आणि दोन ओळींचा सारांश वाचा. दिवसाला तीन सिनेमे पुरे. चौथ्याला माणूस घाबरत नाही, जांभया देतो, आणि त्यात बिचाऱ्या दिग्दर्शकाचा काही दोष नसतो.

तिन्हींचा क्रमही नीट लावा. ज्यात तासभर काही घडत नाही आणि तरी मानेवर काटा येतो, असा संथ सिनेमा सकाळचा. ताज्या डोक्यालाच तो पेलतो. रक्तामांसाचा जेवणाआधी बघून घ्या, नंतर अजिबात नको. भुताची टिंगल करणारा एखादा असेल तर तो शेवटी ठेवा, झोप बरी लागते. दोन खेळांमध्ये तासभर मोकळा सोडून मांडवी नदीकाठी उन्हात फिरून या. अंधारातून अंधारातच गेलं की भीती बोथट होते. झगमगत्या उजेडानं ज्यांचं डोकं उठतं किंवा ज्यांना फिट्स येतात, त्यांनी तशी सूचना आहे का ते आधी बघावं. इथं धाडस दाखवण्यात अर्थ नाही.

तिकिटांचं बुकिंग ठराविक वेळेला उघडतं. त्या वेळी तुम्ही बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात असता कामा नये, कणकुंबीच्या पुढं नेटवर्कचा भरवसा नाही. मिळालेल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. सभागृहात अर्धा तास आधी पोचा. दिग्दर्शक हिचकॉकनं १९६० साली आपला 'सायको' सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियमच घातला होता, आणि बरोबर होतं त्याचं. भयपटाची पहिली दहा मिनिटं चुकली की पुढं नुसता आरडाओरडा उरतो. बसायला मधली रांग बरी. फार पुढं बसलात तर खालची इंग्रजी अक्षरं वाचता वाचता वर दारात कोण येऊन उभं राहिलं ते दिसतच नाही. बायका शाल घेतात, पुरुष नेतच नाहीत आणि एसीत कुडकुडत बसतात. त्या कुडकुडण्याचं श्रेय मग फुकट भुताला जातं.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. दशम्या, शेंगाची चटणी, चिरमुऱ्यांची पिशवी गाडीतच ठेवा. कुंदा, ती आपली बेळगावी मिठाई, मात्र जरा जास्तच घ्या. म्हापसा-फोंड्याकडं कुणी पाहुणे असतील तर मुक्कामाची सोय त्याच्यावरच व्हायची. आणि मुक्काम करायचाच. शेवटचा खेळ संपवून रात्री घाट चढायचा नाही. धुकं, खड्डे, वळणावर उभा असलेला गवा. सिनेमातलं भूत परवडलं.

परतताना पेट्रोल गोव्यातच भरा, कर्नाटकापेक्षा स्वस्त पडतं. तिथं आणखी काय स्वस्त मिळतं ते तुम्हाला सांगायला नको, पण नाक्यावर डिकी उघडायला लावतात, तेव्हा ते तिथंच राहू दे.