आवडतं मासिक बंद पडलं, तर अंक असे सांभाळा

'ड्रॅगन' हे रोलप्लेइंग खेळांचं (म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन गोष्ट रंगवायच्या खेळांचं) मासिक १९७६ साली सुरू झालं आणि सप्टेंबर २००७ मध्ये ३५९ व्या अंकावर छापील रूपात थांबलं. त्याच महिन्यात त्याचं जोडीचं मासिक 'डन्जन'ही १५० व्या अंकावर छापील रूपात संपलं. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्याकडे खेळायला जमणारी पोरं आजही त्यातले खेळाचे नकाशे मागतात, म्हणून हे लिहितोय.

बातमी कळली की कुणी चिडतं, कुणी रागानं सगळा गठ्ठा रद्दीत काढतं. तेवढं करू नका. आधी यादी करा: अंक क्रमांक, महिना, आतला नकाशा किंवा पोस्टर आहे का. राहिलेले अंक लगेच शोधा, कारण अशाच वेळी लोक कपाटं रिकामी करतात.

खरा शत्रू कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात अंक ठेवूच नका. पिना गंजल्या असतील तर बोथट सुरीनं अलगद उघडून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून बांधा. गंजाचा डाग कागद खातो, त्यामुळे हे काम पावसाआधीच उरका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी नको. पातळ कागद आणि थोडी गव्हाची खळ लावा. ओलसर अंक उन्हात टाकू नका, शाई उडते, पंख्याखाली वाळवा. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, पीव्हीसीच्या नकोत. लॅमिनेशन तर मुळीच नको.

बाइंडिंग करायचं असेल तर बाइंडरला कडा कापू नका म्हणून बजावून सांगा. नकाशे वेगळे, सपाट ठेवा आणि खेळताना झेरॉक्स वापरा.